बांगडीतून नेढ्याकडे

मासे गरवायचा स्पिनिंगचा रॉड पहिल्यांदा हातात घेऊन नीट निरखला, तेव्हा वाटलं होतं की बनवणाऱ्याकडच्या एका मापाच्या कड्या मध्येच संपल्या असाव्यात. मुठीच्या पुढे हातभर अंतरावर एक कडी, रुपयाच्या नाण्याएवढी, उंच पायांवर बगळ्यासारखी उभी. तिच्यापुढची निम्म्या मापाची. तिच्यापुढची त्याच्याही जवळजवळ निम्मी. आणि तिथून टोकापर्यंत ओळीने पाच-सहा चिमुकल्या, भोकात ज्वारीचा दाणा अडकून बसेल एवढ्या.

या सगळ्यांतून धावणारी दोरी एकच. जाडी पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. सगळ्यात धाकट्या कडीतूनही अशा शेकडो दोऱ्या एकदम ओवता येतील. मग पहिली कडी नाण्याएवढी कशाला? आणि ती तेवढी लागतच असेल, तर पुढच्यांनी काय घोडं मारलं?

मासे गरवणारे यांना गाईड म्हणतात. मी कडीच म्हणेन, कारण या वस्तूचा सगळा खेळ गोलाईतच आहे.

कोकणात खाडीच्या बांधावर बसून गरवणाऱ्याच्या बांबूच्या काठीला एकही कडी नसते. तंगूस शेंड्याला बांधलेला, त्याच्या टोकाला शिसं आणि गळ, काठी पोचेल तिथवरच आमिष पोचणार. कडी लागते ती आमिष दूर फेकायचं ठरवलं की. दोरी कुठेतरी साठवून ठेवायची, फेकताना ती सरसर सुटली पाहिजे, आणि सुटताना काठीच्या अंगालगत राहिली पाहिजे. वरवर साधी मागणी. पण दोरी सुटते कशी, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

घरात शिवणकामाचं दोऱ्याचं रीळ असेलच. ते आडवं धरून दोरा ओढा: रीळ हातात गरगर फिरेल, दोरा सरळ येईल. आता तेच रीळ टेबलावर उभं ठेवा आणि दोरा वरच्या तोंडावरून, आभाळाकडे झटकन ओढा. रीळ जागचं हलत नाही. फिरतो तो दोरा. रिळाच्या तोंडाभोवती त्याची प्रदक्षिणा चालू होते, आणि मागे दिवा ठेवून पाहिलंत तर हवेत धुरकट फुग्यासारखा आकार दिसतो. तो फुगा म्हणजे एकच दोरा, डोळ्याला पकडता येणार नाही इतक्या वेगाने घुमणारा. आता कुणाला तरी रिळाच्या वर वीतभर अंतरावर बांगडी धरायला सांगा आणि दोरा तिच्यातून ओढा. मग बांगडीच्या जागी अंगठी. मग सुईचं नेढं. बांगडीतून फुगा जवळजवळ तसाच पुढे जातो. अंगठीत त्याची कंबर आवळली जाते. नेढ्याच्या पलीकडे फुगा नसतोच, नुसती सरळ रेघ असते. पण नेढं रिळाच्या फार जवळ आणलं तर हाताला लगेच जाणवतं, ओढायला जोर लागतोय.

हा प्रयोग मी जेवणाच्या टेबलावर केला आणि घरच्यांच्या मते एक अख्खं रीळ वाया घालवलं. पण रॉडवरच्या कड्यांची सगळी भांडणं त्या वीतभर जागेत दिसतात.

मासेमारीत दोरी अशीच तोंडावरून सुटू देणारं रील, म्हणजे दोरी साठवायचं चाक, आधुनिक रूपात आलं ते इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डहून. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ नावाच्या गिरणीमालकाने १९०५ मध्ये स्थिर स्पूलच्या, म्हणजे दोरीचं रीळ जागेवरच राहणाऱ्या, रीलचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या रीलमध्ये आमिष उडालं की त्याला स्पूल फिरवत न्यावं लागे. जड आमिषाला ते जमे. हलकं आमिष स्पूलला गती देण्यातच दमून जाई, आणि एकदा फिरू लागलेलं स्पूल आमिष पाण्यात पडल्यावरही थांबत नसे, मग दोरीचा गुंता ठरलेला. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलॉकने १८८४ मध्ये यावर एक तोड काढली होती: फेकण्यापुरतं स्पूल काटकोनात वळवायचं, म्हणजे दोरी कडेवरून सुटते, आणि ओढताना परत सरळ करायचं. इलिंगवर्थने स्पूल कायमचंच तोंड पुढे करून बसवलं आणि दोरी गुंडाळायचं काम त्याच्याभोवती फिरणाऱ्या हाताकडे दिलं. गिरणीत बॉबिनवरून सुटणारं सूत रोज बघणाऱ्या माणसाला हे सुचावं, यात नवल नाही. आणि नवल आहेही, कारण बॉबिनवरचं सूत तर हजारो माणसं रोज बघत होती. या नव्या पद्धतीला इंग्लंडमध्ये बरीच वर्षं ‘थ्रेडलाइन’ म्हणजे सूतदोरीची मासेमारी म्हणत. (स्पिनिंग हे नाव मात्र सूतकताईवरून आलेलं नाही. पाण्यात गरगरणाऱ्या आमिषावरून आलंय. योगायोग इतका चपखल आहे की मला आधी ते उलटंच वाटलं होतं.)

आता जरा आकडेमोड करू. मध्यम रीलच्या स्पूलचा व्यास साधारण ४५ मिलिमीटर असतो. म्हणजे एका वेढ्यात १४१ मिलिमीटर दोरी. आमिष हातातून सुटताना सेकंदाला ३० मीटर वेगाने निघालं असं धरा, ताशी १०८ किलोमीटर. तर त्या क्षणी स्पूलवरून सेकंदाला २१२ वेढे सुटत असतात. मिनिटाच्या हिशेबात पावणेतेरा हजारांच्या आसपास. आजच्या सूतगिरणीत रिंग फ्रेमची चाती मिनिटाला पंधरा ते वीस हजार फेरे घेते. म्हणजे इचलकरंजीच्या आसपासच्या एखाद्या सूतगिरणीत ज्या वेगाने सूत घुमतं, त्याच्या पंगतीला बसेल असा वेग खडकावर उभा असलेला माणूस मनगटाच्या एका झटक्यात काढतो. गिरणीला त्यासाठी मोटर लागते.

आणखी एक आकडा, तो मला स्वतःलाच खरा वाटेना म्हणून दोनदा मांडला. साडेबावीस मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरायचं तर केंद्राकडे लागणारं त्वरण गुरुत्वाच्या सुमारे चार हजार पट येतं. पाव मिलिमीटर जाडीच्या नायलॉनचा दहा सेंटिमीटर तुकडा घेतला तर त्याचं वजन ग्रॅमच्या दोनशेव्या भागाहून किंचितच जास्त भरेल. पण स्पूलच्या तोंडाशी त्याच वर्तुळात घुमताना तो बावीस-तेवीस ग्रॅमच्या ओढीने बाहेर पळू बघतो. फेकलेलं आमिषच कधी कधी दहा ग्रॅमचं असतं. फुगा का होतो, हे आता वेगळं सांगायला नको.

तर पहिल्या कडीसमोर येते ती दोरी सरळ नसतेच. येतो तो घुमणारा फुगा. कडीने त्याला गिळायचं, आवळायचं, आणि पलीकडे सरळ रेघ काढून द्यायची. बांगडीचं काम अंगठीकडे, अंगठीचं नेढ्याकडे.

पण इथे मनात एक शंका घर करून बसलेली असते, आणि ती बरीच वर्षं रॉड बनवणाऱ्यांच्याही मनात होती: भोक जितकं लहान, तितकं घासणं जास्त. नळी अरुंद केली की पाणी अडतं, तसं. ही उपमाच चुकीची आहे. दोरी नळी भरून वाहत नाही. ती कडीच्या एका कडेला टेकते आणि वळते, बस.

होडी धक्क्याला लावताना दोरी खुंटाला दोन-तीन वेढे मारून एका हाताने अख्खी होडी रोखलेली आपण पाहतो. त्यामागचं गणित अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलरने मांडलं. घर्षणांक पाव धरला तर तीन वेढ्यांनी ओढ सुमारे ११० पट वाढते. एका बाजूला एक किलोने धरा, दुसऱ्या बाजूला ११० किलो तोलून राहतील. या सूत्रात दोनच गोष्टी येतात: पृष्ठभाग किती गुळगुळीत आणि दोरी एकूण किती अंशांतून वळली. खुंट जाड की बारीक, याला त्या सूत्रात जागाच नाही. कडीचं भोक केवढं, यालाही नाही.

हे वाचून मी थोडा वेळ थांबलो होतो. म्हणजे लहान कडी लहान आहे म्हणून घासत नाही. घासते ती दोरीला वळावं लागतं म्हणून. दोरी जिथे सरळ जाते तिथे भोक शर्टाच्या बटणाचं असो की बांगडीचं, सारखंच. मोठी कडी हवी ती फक्त तिथे, जिथे फुगा अजून जिवंत आहे आणि दोरी कोन करून येते. स्पूलच्या काठापासून कडीच्या मध्यापर्यंतचा उतार मोजला तर कडी २० सेंटिमीटरवर असताना तो साडेसहा अंशांच्या जवळ येतो, ५० सेंटिमीटरवर अडीच अंशांच्या थोडा वर. नेढं जवळ आणल्यावर हाताला जो जोर लागला होता तो हाच. उलट कडी फार लांब नेली तर फुग्याला वाढायला अंगण मिळतं आणि तो काठीवर फटके मारत सुटतो. म्हणून पहिली कडी मध्यम रॉडवर रीलपासून अर्ध्या मीटरच्या आसपास बसते, आणि तिचे पाय उंच असतात, फुग्याचा खालचा भाग काठीला लागू नये म्हणून. जुन्या रॉडवरची पहिली कडी ३० मिलिमीटरची असे, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठी, पण काठीला बऱ्यापैकी लगटून. आताची २०ची असते, पण टाचा उंचावून उभी. डोळा धाकटा झाला, पाय लांबले.

(मापाबद्दल एक सूचना. कडीवर लिहिलेला आकडा मिलिमीटरमध्ये असतो, पण तो साधारणपणे आतल्या रिंगच्या बाहेरच्या व्यासाचा. प्रत्यक्ष भोक त्याहून बरंच लहान असतं. साडेपाचच्या कडीला साडेपाचचं भोक मिळेल या भरवशावर राहिलात तर गाठ अडकेल, शब्दशः.)

जुन्या पद्धतीत पूर्ण रॉडच एक नरसाळं मानलं जाई. स्पूलच्या तोंडापासून टोकापर्यंत एक निमुळता शंकू कल्पायचा आणि कड्या त्यात बसतील अशा लावायच्या: ३०, २०, १६, १२, १०, ८. दिसायला मोठं न्यायी. प्रत्येक कडी थोडं थोडं आवळणार, कुणावर भार नको. पण प्रत्यक्षात फुगा टोकापर्यंत मरायचाच नाही. मधल्या ऐसपैस कड्यांत त्याला हेलकावे घ्यायला जागा मिळे आणि तो लाटेसारखा काठीला थापटत पुढे जाई. प्रत्येक थाप म्हणजे आमिषाच्या वेगातून कापलेला तुकडा. त्यातून नायलॉनला आठवण असते. स्पूलवर महिनाभर गुंडाळलेलं राहिलं की ते सुटल्यावरही वेटोळीच घेतं. तेव्हा मोठ्या कड्यांचा आग्रह अगदीच वेडगळ नव्हता.

१९९०च्या दशकात दोन गोष्टी जवळपास एकदम झाल्या. एक, अतिशय लांब रेणूंच्या पॉलिथिलीनपासून विणलेल्या दोऱ्या मासेमारीत आल्या. नायलॉनपेक्षा कितीतरी बारीक, सुतासारख्या लुळ्या, आठवण जवळजवळ शून्य. इंग्रजीत यांना ‘ब्रेड’ म्हणतात, वेणी या अर्थाने. सकाळी सकाळी ‘ब्रेड संपलाय, आणतो’ म्हणून घराबाहेर पडलेला माणूस काय घेऊन परतेल याचा भरवसा नाही. दुसरी गोष्ट जपानात झाली. कड्या बनवणाऱ्यांतलं सगळ्यात दबदब्याचं नाव फुजी, आणि त्यांनी कड्या मांडण्याची नवी रीत पुढे आणली. टोकापर्यंत वाट बघायची नाही. पहिल्या तीन-चार कड्यांतच फुगा आवळून संपवायचा. जिथे तो संपतो त्या कडीला ‘चोक’ म्हणायचं. तिथून पुढे टोकापर्यंत एकाच मापाच्या लहान, हलक्या कड्या.

चोक नेमकी कुठे बसवायची, याचं उत्तर मला फार देखणं वाटतं. स्पिनिंग रील काठीला अगदी समांतर नसतं. त्याच्या स्पूलचा आस किंचित काठीकडे कललेला असतो. तो आस मनाने पुढे वाढवत न्या, कुठेतरी तो काठीला येऊन टेकेल. चोक तिथे. फुग्याचं शेपूट जिकडे आपोआप निघालंय, तिथेच त्याच्यासाठी दार ठेवायचं. पट्टीने मोजणाऱ्यांसाठी एक ठोकताळाही आहे: स्पूलच्या व्यासाची २७ पट. ४५ मिलिमीटरचं स्पूल असेल तर १२१५ मिलिमीटर, म्हणजे रीलपासून सव्वा मीटरच्या अलीकडे. पुढे आलेल्या मांडणीत हा चोक आणखी जवळ ओढला गेला. उंच पायांच्या तीन कड्या, २०, १०, साडेपाच, आणि काम खलास. २५, १२, ६ असंही त्रिकूट असतं, थोड्या मोठ्या रीलसाठी. प्रत्येक पायरीला माप जवळजवळ निम्मं.

सुरुवातीला जिथे मला कड्या संपल्याचा संशय आला होता, ती हीच मांडणी.

पण एवढी घाई का? नरसाळं टोकापर्यंत ताणण्याऐवजी सुरुवातीलाच आवळायची काय गरज? थापटणं थांबतं हे झालं एक कारण. दुसरं कारण मला जास्त आवडतं, आणि ते शाळेतल्या फूटपट्टीत लपलेलं आहे.

स्टीलची पट्टी बाकाच्या कडेला दाबून टोक सोडायचं आणि ‘ट्रुंऽऽ’ असा आवाज काढायचा, हा तासाला बसून केलेला प्रयोग कुणी केला नाही असं व्हायचं नाही. आता त्या पट्टीच्या टोकाला कपड्याचा चिमटा लावा. आवाज एकदम जाड होतो, कंप डोळ्यांनी मोजता येईल इतका मंदावतो. तोच चिमटा पट्टीच्या मध्यावर लावा. फरक जेमतेम. बाकाच्या कडेजवळ लावा. फरक शून्यच म्हणा.

हिशेब असा आहे. एका टोकाला घट्ट धरलेल्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या पट्टीत, टोक एक सेंटिमीटर हलतं तेव्हा मधला बिंदू सुमारे एक तृतीयांश सेंटिमीटर हलतो. पण वजनाचा उपद्रव हलण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून टोकावरच्या एका ग्रॅमने कंप जितका मंदावतो, तितका मंदावायला मध्यावर जवळजवळ नऊ ग्रॅम लागतात. आणि धरलेल्या जागेपासून पाव लांबीवर? शंभर ग्रॅमच्या आसपास. रॉड टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणजे त्याच्या बाबतीत टोक याहूनही नाजूक.

आता पहिली मोठी कडी कुठे बसलीय ते पुन्हा पाहा. सात फुटी रॉडवर, हाताच्या पकडीपासून मोजलं तर, साधारण पाव लांबीवर! जिथे वजन जवळजवळ फुकट आहे. उंच पाय, जाड तार, दोन्ही बाजूंनी बांधलेली, वर राळेचा लेप, सगळा संसार तिथे खुशाल मांडता येतो. आणि टोकाकडे, हलक्या रॉडचा शेवटचा फूटभर भाग एका ए-फोर कागदापेक्षा हलका असतो, तिथे कडी, तिच्यावरचा दोरा आणि राळेचा थेंब यांतला ग्रॅमचा दशांशसुद्धा जाणवतो. फुगा आवळण्याचं बोजड काम स्वस्त जागेत उरकून घ्यायचं आणि महाग जागेत नुसती वाट दाखवणारे हलके रखवालदार ठेवायचे. ही तडजोड कुणी कागदावर बसून एका दिवसात शोधली नाही, पण दोरीचं गणित आणि काठीचं गणित एकाच जागी हातमिळवणी करतात, हे कळल्यावर मला रॉडकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

टोक हलकं असलं की दोन फायदे होतात. फेकीनंतर काठी लवकर शांत होते, थरथरत राहिली तर दोरीलाही तिच्यासोबत नाचावं लागतं. आणि माशाने आमिषाला नुसतं हुंगलं तरी ती टिचकी मुठीपर्यंत पोचते, वाटेत वजनात मुरून जात नाही.

मग सगळ्याच कड्या शक्य तितक्या लहान का करू नयेत? काही जण करतातही. चारच्या, साडेतीनच्या कड्या मिळतात, आणि त्यांचे भक्त आहेत. मला विचाराल तर तो हट्ट गोड्या पाण्यापुरता ठीक. कारण दोरी शेवटपर्यंत एकसारखी नसते. विणलेली दोरी बारीक आणि बळकट असली तरी दगडाला घासली की पटकन कापली जाते. रत्नागिरी-मालवणकडे खडकांवरून जिताडा किंवा तांबोशीच्या मागे लागलेल्या माणसाच्या पुढ्यात कालवांनी मढलेले खडक असतात, एकेक कालव म्हणजे उघडं पातं. म्हणून दोरीच्या पुढे हात-दोन हात जाड फ्लुरोकार्बन दोरीचा तुकडा जोडावा लागतो. त्या जोडाची गाठ प्रत्येक फेकीत सगळ्या कड्यांमधून भरवेगात जाते. साडेपाचच्या कडीत ती ‘टक टक टक’ करत जाते. आणखी लहानात एखाद दिवशी अडकते, आणि मग पस्तीस ग्रॅमचं आमिष दोरी तोडून एकटंच समुद्रात निघून जातं. तिथे टोकापर्यंतच्या कड्या ६, ७ किंवा ८च्या घ्याव्यात. थोडं वजन वाढेल, वाढू दे. उत्तर अमेरिकेत महासरोवरांना मिळणाऱ्या नद्यांवर कडाक्याच्या थंडीत स्टीलहेड मासा धरणाऱ्यांचं दुखणं निराळंच: ओल्या दोरीबरोबर आलेलं पाणी कडीत गोठतं आणि भोक बुजतं. त्यांनाही मोठ्या कड्याच लागतात. आपल्याकडे निदान ती चिंता नाही.

नायलॉनच वापरायचं असेल आणि तेही जाड, तर पहिली कडी एक माप वाढवून २५ची घ्यावी. स्पूल मोठं असेल तरी तसंच. दोरी लुळी आणि बारीक, रील लहान, तर १६नेही भागतं. बारीक दोरीचं एक वेगळं लचांड असतं: वारा असला की तिचे फास उडून कडीच्या पायांत अडकतात आणि खेचले जाऊन गाठ बसते. म्हणून २०१०च्या सुमारास आलेल्या कड्यांचे पाय आणि चौकट पुढे झुकलेली असते. फास अडकला तरी घसरून पुढे सुटून जावा, अशी ती उतरण. साध्या तारेच्या वाकणात एवढा विचार.

कडी कसली आहे, यावर लांबण लावत नाही, पण ओझरतं सांगायला हवं. शंभर वर्षांपूर्वी चांगल्या रॉडवर अकीक बसवलेल्या कड्या असत, दागिन्यासारख्या. नुसत्या धातूवर दोरी, तीवर चिकटलेली रेती, थोड्या काळात कडीत करवतीसारखी खाच पडते. आता सिलिकॉन कार्बाइडसारख्या सिरॅमिकच्या रिंगा असतात. त्या कठीण तर आहेतच, शिवाय उष्णता झटकन वाहून नेतात. विणलेल्या दोरीचं पॉलिथिलीन १४५ अंशांच्या आसपास वितळतं. मोठा मासा दोरी खेचत पळाला की घर्षणाची उष्णता एकाच ठिकाणी साचून चालत नाही.

किती कड्या, हा शेवटचा प्रश्न, आणि तो फेकीचा नसून वाकण्याचा आहे. फुटामागे एक, वर आणखी एक, असा ढोबळ नियम. पण खरं उत्तर काठी स्वतः देते. कड्या पक्क्या न बांधता चिकटपट्टीने तात्पुरत्या लावायच्या, दोरी ओवायची, टोक खुंटीला बांधून काठी मासा लागल्यासारखी वाकवायची आणि बाजूने पाहायचं. दोरी काठीच्या कमानीला धरून गेली तर ठीक. दोन कड्यांच्या मधे ती धनुष्याच्या दोरीसारखी ताठ, काठीपासून फटकून गेली तर त्या जागी कडी सरकवा किंवा एक वाढवा. टोकाकडे कमान जास्त, म्हणून तिथे कड्या दाट. मुठीकडे विरळ.

त्यानंतर तशीच चिकटपट्टी लावलेली काठी घेऊन मोकळ्या मैदानात जायचं. गळ काढून नुसतं वजन बांधायचं आणि फेकायचं. दहा फेकी, अंतर पावलांनी मोजायचं. मग पहिली कडी दोन बोटं पुढे. पुन्हा दहा. मागे. पुन्हा दहा. बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं वाटतं, पण कान दिला तर अंतर मोजायच्या आधीच निकाल कळतो. कडी चुकीच्या जागी असली की फेकीबरोबर काठीवर ‘फडफड’ ऐकू येते, ओला पंचा झटकल्यासारखी. जागा जुळत आली की ती विरत जाते. आणि जुळली की उरतो एक बारीक ‘सुर्रर्र’. त्या एका फेकीत दोनशेच्या वर वेढे फुग्यात शिरून तीन कड्यांत सरळ होऊन गेलेले असतात.

तिथे पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची. घरी येऊन कडीचे पाय काठीवर बांधायचे ते दोऱ्यानेच, वेढ्याला वेढा चिकटवून, मग राळ. काठी हळूहळू हाताने फिरवायची आणि दोरा ताणत तिच्यावर येऊ द्यायचा. त्या दोऱ्याचं रीळ शेजारी एका खिळ्यावर आडवं बसवलेलं असतं, आणि दोरा येईल तसं ते सावकाश फिरत राहतं, इलिंगवर्थच्या आधीच्या रीलसारखं. इथे घाई कुणालाच नसते.